टपावरची होडी

रायपूरच्या माणसाला पाण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहराच्या मध्यावर बुढा तालाब आहे, त्यालाच आज विवेकानंद सरोवर म्हणतात. पश्चिमेच्या अंगाने खारून वाहते. पंचेचाळीसेक किलोमीटरवर राजिमला पैरी आणि सोंढूर महानदीला येऊन मिळतात. अभनपूर, कुरूद, धमतरी ही गावे मागे टाकत दक्षिणेला गेले की महानदीवरचे गंगरेल धरण लागते, आणि त्यामागे कागदोपत्री रविशंकर सागर या नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो. या पाण्यांवर पूर्वापार चालणारा डोंगा मात्र रस्त्याने प्रवास करत नाही. तो घाटावर घडतो आणि घाटावरच जुना होतो. केवट त्याच्याकडे चालत जातो. कयाकचे उलट आहे. तिचा मालक शंकरनगर किंवा देवेंद्रनगरच्या फ्लॅटमध्ये राहतो, होडी पार्किंगच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि गंगरेलचे पाणी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर असते. म्हणजे या होडीचा रस्त्यावरचा प्रवास पाण्यावरच्या प्रवासापेक्षा कितीतरी मोठा. आणि पाण्यावर ती उलटली तर वल्हवणारा भिजतो; रस्त्यावर टपावरून सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. होडी टपावर चढवणे आणि बांधणे हा म्हणूनच छंदाच्या कडेला पडलेला किरकोळ तपशील नव्हे. वल्हे हातात घेण्याआधी शिकायची ही गोष्ट आहे.

याबाबतची सर्वसाधारण समजूत साधी आहे: दोर मजबूत घ्या, करकचून आवळा, निघा. या प्रकरणात मांडायचे आहे ते हे, की या समजुतीत महत्त्वाचा भाग सुटतो. टपावरची होडी बहुतेक वेळा दोर तुटल्याने सुटत नाही. दोर सैल पडल्याने, सरकल्याने, किंवा ज्याला दोर बांधला तो रॅकच उखडल्याने सुटते. आवळून निर्माण केलेला ताण वाटेत कमी होत जातो. दोर कोणत्या दिशेने आणि कशाला बांधला आहे, हे मात्र प्रवास संपेपर्यंत बदलत नाही. सुरक्षितता म्हणून दिशेवर उभी करायची आणि ताणाला तिच्या मदतीला ठेवायचे. हे पटण्यासाठी होडीवर रस्त्यात नेमके कोणते जोर येतात, त्याचा थोडा हिशेब करावा लागेल.

हौशी वापराची प्लास्टिकची कयाक घेऊ. लांबी ३.३ मीटर, वजन २४ किलो. आपल्याकडच्या चार मीटरच्या आतल्या मोटारींवर रॅकचे दोन आडवे बार एकमेकांपासून साधारण पाऊण मीटरवर बसतात. होडी मध्यावर ठेवली तर पुढे आणि मागे सव्वा-सव्वा मीटर भाग अधांतरी राहतो. आता ही होडी पुढून वर उचलायला किती जोर लागेल? चोवीस किलो, निदान बारा किलो, असे मनात येते. प्रत्यक्षात मागचा बार टेकू होतो आणि पुढे आलेले लांब नाक तरफेची दांडी होते. वजन टेकूपासून ३७.५ सेंटिमीटरवर आणि नाकाचे टोक दोन मीटरवर. भागाकार केला की उत्तर साडेचार किलोच्याही किंचित आत येते. नाकाला खालून एवढा रेटा मिळाला की बांधलेली नसलेली होडी पुढच्या बारावरून उठते. म्हणजे होडीचे वजन तिला खाली धरून ठेवील, हा भरवसा पहिल्याच पायरीवर संपतो.

हा रेटा देतो वारा. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण २८ किलो भरतो. वेग १०० झाला की तो ४४ वर जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. कयाकचे नाक पुढच्या काचेच्या वर लोंबत असते, आणि काचेवर आदळलेली हवा नेमकी वरच्या बाजूला वळून त्याच्या पोटाला भिडते. नाकाकडच्या निमुळत्या भागाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले आणि सगळा दाब सरळ काटकोनात लागत नाही म्हणून निम्माच हिशेबात घेतला, तरी ८० च्या वेगाला ७ किलो आणि १०० च्या वेगाला ११ किलो जोर वर ढकलतो. या जोराचा मध्य पुढच्या बाराच्या सुमारे ७० सेंटिमीटर पुढे पडतो, आणि तिथून होडी उठायला ६ किलो पुरतात. समोरून भरधाव ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याचा झोत यात क्षणभर भर घालतो, आणि तो सरळ न येता तिरका येतो, त्यामुळे नाक वर उठता उठता बाजूलाही हिसडते. हे आकडे ढोबळ आहेत. होडीच्या आकाराप्रमाणे आणि काचेच्या उताराप्रमाणे ते बदलतील. पण त्यांतून एक गोष्ट ठळक दिसते. जोर आहे तो दहा-पंधरा किलोंचा. एक इंच रुंदीचा साधा पॉलिएस्टरचा पट्टाही तुटायला शेकडो किलो लागतात. तेव्हा आणखी जाड दोर, आणखी मजबूत पट्टा यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जिथे मुळातच ताकद मुबलक आहे तिथे ती वाढवून काही साधत नाही.

दुसरा जोर ब्रेकचा. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला की होडीवर तिच्या वजनाच्या आठ दशांशापर्यंत, म्हणजे १९ किलोंच्या आसपास, पुढे ढकलणारा जोर येतो. छत्तीसगडच्या रस्त्यांवर ही वेळ क्वचित येते असे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्यात शेते आणि माळ चिखलाने भरले की गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात. त्यांना आवरून धरण्याची ‘रोका-छेका’ ही गावोगावची जुनी रीत राज्य सरकारने २०२० मध्ये मोहीम म्हणून पुन्हा पुढे आणली, यावरूनच प्रश्न केवढा आहे ते कळते. आता समजा, दोन बारांवर दोन्ही बाजूंना मिळून पट्ट्यांचा चार ठिकाणी २५-२५ किलोंचा ताण आहे. हा ताण होडीला सरळ खाली दाबतो, पुढे जाण्यापासून तो थेट अडवत नाही. अडवते ते घर्षण. १०० किलो ताण आणि २४ किलो वजन मिळून १२४ किलोंचा दाब. ओले प्लास्टिक आणि गुळगुळीत धातू यांच्यातले घर्षण त्याच्या पाचव्या हिश्शाचे धरले तर २५ किलो. १९ च्या समोर २५, म्हणजे होडी जागेवर राहते. पण वाटेत ताण निम्म्यावर आला तर दाब ७४ आणि घर्षण १५ किलो. होडी सरकते. पट्टा शाबूत आहे, बकल शाबूत आहे, गाठही सुटलेली नाही, आणि तरी होडी पुढे घसरून बॉनेटवर वाकली आहे.

ताण निम्म्यावर येतो का, हा पुढचा प्रश्न, आणि रायपूरच्या हवेत त्याचे उत्तर निःशंकपणे ‘येतो’ असे आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या टपाला हात लावता येत नाही. कयाक ज्या पॉलिथिनची असते ते या तापमानाला वितळत नाही, पण मऊ पडते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू खचते. सकाळी सहा वाजता आवळलेला पट्टा अकरा वाजता होडीच्या बुडाला खळगा पाडून स्वतः सैल झालेला असतो. मालक तो पुन्हा आवळतो, खळगा आणखी खोल जातो. रॅचेटचा पट्टा इथे सर्वांत घातक. त्याच्या दांड्याने एका हातात कित्येक पटींनी ताण देता येतो, ट्रकवरच्या यंत्रासाठी ते ठीक आहे, पण पोकळ प्लास्टिकला तो चेपून टाकतो. कयाकला कॅम बकलचा पट्टा योग्य. त्यात हाताने ओढता येईल तेवढाच ताण बसतो आणि तेवढाच पुरतो.

उन्हाळा सरला की पावसाळ्याची वेगळी तऱ्हा. बाजारात सहज मिळणारी नायलॉनची दोरी पाणी शोषते आणि भिजल्यावर लांबते. पाण्यातून काढलेली ओलीचिंब होडी याच दोरीने बांधली की धमतरी येईपर्यंत ती हलू लागते. सुताच्या किंवा तागाच्या दोरीचे नेमके उलटे: भिजली की आखडते, वाळली की ढिली पडते, म्हणजे पावसात बांधलेली उन्हात सुटू पाहते. पॉलिएस्टरवर पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून पट्टा त्याचाच असावा. निळ्या-पिवळ्या रंगाची स्वस्त प्लास्टिकची दोरी एका उन्हाळ्यात खरखरीत होऊन तिचे धागे निघू लागले की ती फेकून द्यावी, ऊन तिची ताकद खाऊन टाकते. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सामान अडकवायला वापरतात ती हुकवाली रबरी दोरी तर या कामाला मुळीच चालत नाही; ताणले की लांबणे हाच तिचा गुण, आणि इथे नेमका तोच नको आहे.

ऊन, पाणी, गतिरोधक आणि रस्त्याचे हादरे मिळून ताण कमी करणारच असतील, तर बांधणी अशी हवी की ताण कमी झाला तरी होडीला जायला वाट उरू नये. त्याची पहिली पायरी होडीच्या आकारातच आहे. कयाक मध्यावर सर्वांत रुंद असते आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते. हा रुंद भाग दोन्ही बारांच्या बरोबर मधोमध आणला, आणि पुढच्या व मागच्या बारावर एकेक पट्टा होडीला घट्ट लपेटला, तर होडी पुढे सरकू पाहताच तिचा रुंद भाग पुढच्या पट्ट्यात शिरू लागतो आणि तो पट्टा आपोआप आवळला जातो. मागे सरकली तर मागचा आवळतो. होडी हातभर पुढे ठेवली आणि रुंद भाग पुढच्या बाराच्याही पुढे गेला, तर दोन्ही पट्टे निमुळत्या बाजूलाच पडतात, आणि पुढे घसरणारी होडी आपणहून सैल होत जाते. पट्टे तेच, ताण तोच. फक्त होडीची जागा बदलली.

पट्टा घालण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. बकलचे टोक होडीच्या एका बाजूला, बाराच्या वर चार बोटे येईल असे सोडायचे. बकलखाली कापडाची किंवा रबराची गादी असावी, नाहीतर हादऱ्यांनी ते होडीला किंवा काचेला घासते. दुसरे टोक होडीवरून पलीकडे टाकायचे, तिथे बाराखालून काढून पुन्हा होडीवरून अलीकडे आणायचे, अलीकडच्या बाजूला बाराखालून घेऊन बकलमध्ये ओवायचे आणि खाली ओढायचे. असा पट्टा होडीवरून दोनदा जातो. महत्त्वाचे हे, की बाराखालून जाताना तो होडीच्या कडेला अगदी चिकटून जावा. तो लांब, बाराच्या टोकाकडे गेला तर होडी आणि पट्टा यांच्यात त्रिकोणी पोकळी राहते, आणि तिरक्या वाऱ्याने होडी त्या पोकळीत इकडून तिकडे सरकते. एक बारकी युक्ती आणखी: होडी आणि बार यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याला एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, त्याची घरघर गाडीत घुमते, आणि ही थरथर तासभर चालली की बकलची पकड थोडी थोडी सुटते. पीळ दिलेल्या पट्ट्याला ही लय सापडत नाही. उरलेले शेपूट नीट गुंडाळून दाबून टाकावे; दार बंद करताना ते दारात धरले तरी चालते.

हे दोन पट्टे होडीला रॅकशी बांधतात. इथेच बहुतेक लोक थांबतात, आणि अनेक जाणकारही म्हणतात की छोट्या होडीला याहून काही लागत नाही. त्यांचे म्हणणे निराधार नाही. वरच्या हिशेबात पट्ट्यावरचा भार खरोखर थोडा आहे, आणि चांगल्या रॅकवर दोन पट्टे तो सहज पेलतात. पण या युक्तिवादात रॅक हा मोटारीचाच भाग धरला आहे. आपल्याकडे तो तसा असेलच असे नाही. कित्येक मोटारींच्या टपावर दिसणाऱ्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे रेल, केवळ शोभेच्या असतात, आणि त्यांवर भार टाकू नये असे मोटारीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ज्यांना असे रेल नाहीत त्या मोटारींवर रॅकचे पाय दाराच्या चौकटीला चिमट्यासारखे पकडून बसतात. पुस्तिकेत टपावर किती वजन चालेल तेही दिलेले असते, छोट्या मोटारींना ते साधारण ५० ते ७५ किलो, आणि त्यात रॅकचे स्वतःचे वजनही मोजायचे. वाऱ्याने नाक उचलले की त्याचा जोर शेवटी या पायांवरच येतो. पाय निसटला तर होडी, पट्टे आणि बार यांची एकमेकांना पक्की बांधलेली मोट एकत्रच हवेत जाते, आणि त्या वेळी पट्ट्याची मजबुती कोणाच्याही कामाची नसते.

म्हणून होडीच्या पुढच्या टोकाची दोरी थेट मोटारीला, म्हणजे बंपरमागच्या टोइंगच्या कड्याला किंवा बॉनेटच्या आत बोल्टने घट्ट केलेल्या पट्टीच्या फासाला बांधायची, आणि मागच्या टोकाची मागच्या कड्याला. आता रॅक सुटला तरी होडी मोटारीशी जोडलेली राहते. या दोरीचा दुसरा गुण तरफेच्या हिशेबातून येतो. नाकाला साडेचार किलोंनी उचलता येते, तर नाकालाच धरून ठेवायलाही थोडाच जोर लागतो. जिथे वाऱ्याचा हात सर्वांत लांब, तिथेच आपलाही. तिसरा गुण दिशेचा. तीन-सव्वातीन मीटरची होडी चार मीटरच्या मोटारीपेक्षा आखूड असल्याने मागची दोरी होडीच्या टोकापासून खाली आणि मागे उतरते. ब्रेक लागल्यावर होडीला पुढे जायचे असते आणि ही दोरी तिला मागे धरते, घर्षणाच्या भरवशावर न राहता. पुढे शक्य असेल तर एकाऐवजी दोन दोऱ्या, दोन्ही बाजूंना फाकवून बांधाव्यात, म्हणजे तिरक्या वाऱ्याने नाक हिसडत नाही. या दोऱ्या मात्र करकचून आवळू नयेत. टोके खाली ओढली की होडी बारांवर धनुष्यासारखी वाकते, आणि तापलेले प्लास्टिक तो बाक तसाच ठेवते. ढिलाई निघेल एवढाच ताण द्यावा. या दोरीवर एक आक्षेप खराच गंभीर आहे: सुटलेले टोक चाकाखाली गेले तर चाक ती ओढून घेते आणि होडी खाली खेचली जाते. त्यावर उपाय दोरी न लावणे हा नव्हे. टोक बांधून गुंडाळणे आणि दोरीची लांबी चाकापर्यंत पोचणारच नाही एवढी ठेवणे हा आहे.

जखडणे आणि धरणे यांतला हा फरक पाहायचा असेल तर रायपूरहून भिलाई जवळच आहे. तिथल्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो, आणि असे दोन जोडून २६० मीटरचे रूळ रेल्वेला दिले जातात. एक रूळ अनेक वाघिणींवर पसरलेला असतो, आणि गाडी वळणावर गेली की रुळालाही वळावे लागते. प्रत्येक वाघिणीवर तो जखडून टाकला तर वळणावर एकतर जखडणी तुटेल नाहीतर वाघीण रुळावरून ढकलली जाईल. म्हणून अशा लांब रुळांच्या गाड्यांत रूळ लांबीच्या दिशेने मध्यावर एकाच जागी पक्का धरतात. इतर वाघिणींवर त्याला बाजूला आणि वर जाण्यापासून अडवलेले असते, पण पुढेमागे सरकायची मोकळीक असते. शेकडो टन पोलाद नेणारी ही व्यवस्था कोणत्या दिशेला अडवायचे आणि कोणत्या दिशेला सोडायचे, या निर्णयावर चालते. २४ किलोंच्या होडीला हाच विचार लागू पडतो: मध्ये पट्ट्यांनी पक्के धरायचे, टोकांना फक्त भलत्या दिशेने जाऊ द्यायचे नाही.

रायपूरमध्ये या सगळ्यावर एक प्रश्न हमखास येईल. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांतून रोज सळ्या, पत्रे, अँगल भरून ट्रक निघतात. ते ट्रकवाले एक रस्सा टाकतात, आपली गाठ मारतात, आणि माल पोचतो. मग चोवीस किलोंच्या होडीसाठी एवढा खटाटोप कशाला? ट्रकवाल्याची ती गाठ शिकण्यासारखी आहे, यात शंका नाही. रश्शालाच एक फास करून त्यातून टोक ओवून ओढले की तो फास कप्पीचे काम करतो आणि हाताच्या ओढीपेक्षा जास्त ताण मिळतो. बकल नसेल तेव्हा कयाकच्या टोकाची दोरी याच गाठीने बांधावी. पण सळ्यांचा भार आणि होडी यांत मूलभूत फरक आहे. दहा टन सळ्यांना वारा उचलत नाही. त्या स्वतःच्या वजनाने बसतात. कयाक पोकळ आहे, तिचे पसरट अंग मोठे आणि वजन नगण्य, म्हणून तिच्या बाबतीत वारा हा मुख्य शत्रू. दुसरे असे, की ‘माल पोचतो’ हेही पूर्ण सत्य नाही. ट्रकच्या मागे बाहेर आलेल्या सळ्यांनी या देशात इतके जीव घेतले आहेत, की मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर येऊ देणारी केंद्रीय मोटार वाहन नियमांतली सवलत २०१४ मध्ये काढून टाकावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात, परवानगीपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, वर तो माल उतरवण्याचा खर्चही. ही तरतूद फक्त ट्रकसाठी लिहिलेली नाही. म्हणून होडी निवडतानाच मोटारीची लांबी ध्यानात घ्यावी. तीन-सव्वातीन मीटरची कयाक चार मीटरच्या मोटारीच्या पुढेमागे कुठेही बाहेर येत नाही. शर्यतीची एकट्याची कयाक मात्र ५.२ मीटरपर्यंत असते आणि तिचे वजन अवघे १२ किलोंपासून सुरू होते. तेवढी लांबी आणि तेवढे हलके अंग, हा टपासाठी सर्वांत वाईट संयोग आहे. तिला छोट्या मोटारीवर नेण्याचा अट्टहास धरू नये. पिकअप किंवा ट्रेलर करावा.

आणखी एक आक्षेप मला सगळ्यांत सयुक्तिक वाटतो: मग हवा भरायची कयाकच का घेऊ नये? ती डिकीत मावते, टपाचा प्रश्नच मिटतो. होडी घडी करून नेण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीत रोझेनहाइम इथल्या योहान क्लेपर यांनी १९०७ पासून लाकडी सांगाडा आणि कापडाची घडीची कयाक बनवायला घेतली, ती आगगाडीच्या डब्यातून नेता यावी म्हणूनच. वर्षातून दोन-चारदा गंगरेलला जाणाऱ्या, आणि ज्याच्या मोटारीचे रेल शोभेचे आहेत अशा माणसाला हवेची कयाक हेच खरे उत्तर आहे. पण वारा उठलेल्या मोठ्या जलाशयावर ती कडक होडीइतकी सरळ जात नाही. जो दर आठवड्याला पाण्यावर जातो त्याला कडक होडीच लागेल, आणि तिला टप लागेलच.

चढवण्याबद्दल थोडे सांगितले म्हणजे पुरे, कारण तिथेही तरफच कामाला येते. दोघे असतील तर दोघांनी दोन टोके धरावीत. एकट्याने २४ किलो डोक्यावर उचलू नयेत. मोटारीच्या मागे होडी सरळ ठेवावी, मागच्या बारावर जुना टॉवेल टाकावा, आधी नाक उचलून त्यावर टेकवावे, मग मागचे टोक उचलून पुढे ढकलावे. कोणत्याही क्षणी हातात साधारण अर्धेच वजन येते. उघड्या बारांवर ती पालथी बसवावी. बसायची पोकळी आभाळाकडे राहिली तर पावसाच्या एका सरीत तिच्यात दहा लिटर पाणी साठते. ते दहा किलो हिशेबात कुठेच नव्हते, आणि ब्रेक लागला की ते पुढे धावते.

बांधून झाल्यावर पट्टा किती कडक लागतो ते बोटाने दाबून पाहण्यात फारसा अर्थ नाही. तो आता कडक असणारच. होडीचे नाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली जोरात हलवावे. होडीबरोबर सगळी मोटार स्प्रिंगवर डोलली तर बांधणी बरोबर आहे. नुसती होडी हलली तर पट्टा चुकला आहे. होडी आणि बार मिळून हलले तर रॅकचा पाय. हीच चाचणी शहराबाहेर पडल्यावर अभनपूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन पुन्हा करावी, कारण पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये पट्टे जागेवर बसतात आणि सगळ्यात जास्त ढिले पडतात. उन्हाळ्यात चहाला थांबलात तर निघताना तिसऱ्यांदा करावी. परतीच्या वाटेवर होडी ओली असते, अंधार पडत आलेला असतो आणि हात दमलेले असतात. तेव्हा ती करायला कोणाला उत्साह नसतो, आणि तेव्हाच तिची गरज सर्वांत जास्त असते.